जनरल सिकोर्स्की : जिब्राल्टरच्या आधीचा माणूस

मिरजकर_अवंती

मागे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या) कॅम्पवर इथे धागा निघाला होता तेव्हा बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता, की हे पाच हजार पोलिश लोक सैबेरियाच्या थंडीतून कोल्हापुरात पोचले हे ठीक, पण स्टालिनच्या तावडीतून सुटले कसे? तो काही कुणाला असाच सोडणाऱ्यातला नव्हता. ह्या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण लंडनमधल्या एका सहीपाशी येऊन पोचतो, तारीख 30 जुलै 1941, सही करणारा लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचा पंतप्रधान जनरल व्लादिस्लाव सिकोर्स्की, करार रशियाशी. आणि ह्या माणसाबद्दल जिथे बघाल तिथे फक्त त्याचा जिब्राल्टरचा विमान अपघात, कोणी घडवला, का घडवला, पायलट एकटाच कसा वाचला वगैरे. त्याआधी तो 62 वर्षं जगला होता आणि ती 62 वर्षं त्या शेवटच्या काही सेकंदांपेक्षा खूप मोठी आहेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

जन्म 1881, गॅलिशियातलं तुशुव नारोदोवी नावाचं खेडं. तेव्हा नकाशावर पोलंड नव्हताच, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने मिळून 1795 पर्यंत तो अख्खा वाटून घेतला होता आणि गॅलिशिया ऑस्ट्रियाच्या वाट्याला आला होता. वडील शाळामास्तर, पण पोरगा लहान असतानाच गेले. आईने कष्टाने शिकवलं. ल्वुवच्या (आजचं युक्रेनमधलं ल्विव) पॉलिटेक्निकमधून तो रस्ते-पुलांचा इंजिनियर झाला आणि जलखात्यात नोकरीला लागला, म्हणजे आपल्याकडे इरिगेशनमध्ये साहेब असतात तसा. मध्ये ऑस्ट्रियन सैन्यात वर्षभर राहून राखीव अधिकारी झाला होता. दिवसा नद्यांचे बांध आणि बाकीच्या वेळात गुप्त संघटना, कारण 1908 मध्ये ल्वुवमध्येच पिलसुद्स्की आणि सोस्नकोव्स्की ह्यांच्याबरोबर सशस्त्र लढ्यासाठीची जी संघटना उभी राहिली तिच्यात हा होता. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे आयुष्यभर ह्या दोघांशी त्याचं जुळलं, फाटलं, पुन्हा जुळलं, पुन्हा फाटलं.

पहिल्या महायुद्धात पोलिश लीजन, म्हणजे ऑस्ट्रियाच्या बाजूने लढणारी पोलिश फौज, उभी करण्याचं कामकाज त्याच्याकडे होतं, भरती, पैसा, कपडे, सगळी व्यवस्था. पिलसुद्स्कीचं म्हणणं पडलं की ऑस्ट्रिया-जर्मनी आपल्याला स्वातंत्र्याचं काही ठोस देत नाहीत तर आपण त्यांना पोरं तरी का द्यायची. सिकोर्स्कीचं म्हणणं, आधी हातात सैन्य असू दे, उद्या देश मिळाला तर तो सांभाळायला तयार माणसं लागतील. 1917 मध्ये ह्यावरून उघड फूट पडली. पिलसुद्स्कीला जर्मनांनी तुरुंगात टाकलं आणि तो देशाचा नायक होऊन बाहेर आला, सिकोर्स्कीला मात्र ऑस्ट्रियाशी जरा जास्तच दिवस निष्ठा ठेवल्याचा डाग लागला. 1918 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रिया-जर्मनीने युक्रेनशी तह करून पोलिश मुलूख देऊ केला तेव्हा त्यानेही निषेध केला आणि तोही नजरकैदेत गेला, पण तोवर नाव खराब झालेलं होतं.

ते नाव धुतलं गेलं 1920 मध्ये. 1918 मध्ये पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला होता आणि आता सोव्हिएत रशियाची लाल सेना वॉर्सॉच्या दारात आली होती. तेव्हाचा राष्ट्रप्रमुख पिलसुद्स्की ह्याची योजना अशी होती की आपण दक्षिणेकडून वर मुसंडी मारायची आणि तोवर राजधानी कशीही करून टिकली पाहिजे. उत्तरेला व्क्रा नदीकाठी 5 वी आर्मी सिकोर्स्कीच्या हाताखाली होती आणि समोर सोव्हिएत सैन्य त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. बचाव करत बसण्याऐवजी हा 14 ऑगस्टला उलटा चालून गेला. 15 ऑगस्टला त्याचं घोडदळ चेखानुव गावात घुसलं आणि तिथे सोव्हिएत 4 थ्या आर्मीच्या मुख्यालयाचं बिनतारी स्टेशन होतं तेच उडालं. त्यानंतर त्या आर्मीला वरून हुकूमच मिळेनात, मागे युद्ध फिरलं तरी ती पश्चिमेकडे पुढेच जात राहिली.

मंत्रीपदाचं आता लिहिते, थोडा वेळ द्या. तोवर कुणाला काही भर घालायची असेल तर घाला.

निवृत्त_सुभेदार

ताई, छान सुरुवात केलीत. चेखानुवच्या प्रसंगाबद्दल थोडं सांगतो. आमची सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा आला. संदेश तुटला की पुढच्या तुकडीला वाटतं सगळं ठरल्याप्रमाणे चालू आहे, कारण उलट काही सांगणारा कुणी नसतो. तो जुना हुकूम धरून चालत राहतो आणि जितका पुढे जातो तितका मागचा रस्ता लांब होतो. 4 थ्या आर्मीचं नेमकं तेच झालं, शेवटी मागची वाट बंद झाली आणि त्यातले पुष्कळ जण पूर्व प्रशियाच्या हद्दीत शिरून जर्मनांकडे हत्यारं टाकून बसले. लढाईचं श्रेय पिलसुद्स्कीला जातं आणि ते बरोबरच आहे, पण उत्तरेची बाजू पडली असती तर दक्षिणेची मुसंडी कुणाच्या कामाची नव्हती. कमी सैन्य असताना पुढे चालून जायला छाती लागते आणि हिशेबही लागतो, इंजिनियर माणूस असल्याने हिशेब पक्का असणार.

पुणेरी_समीर

वाचतोय. पुढचं लवकर टाका. एक शंका, हेलिकॉप्टरवाले सिकोर्स्की हेच का?

मिरजकर_अवंती

समीर, नाही, ते इगोर सिकोर्स्की, कीव्हमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले, दोघांचा काही संबंध नाही.

सुभेदारकाका, धन्यवाद, पूर्व प्रशियाचं तुम्ही घातलंत ते बरं झालं.

तर मंत्रीपद. 1922 च्या डिसेंबरात पोलंडला पहिला राष्ट्राध्यक्ष मिळाला, गाब्रिएल नारुतोविच. हाही पाण्याचाच इंजिनियर, झुरिकला प्राध्यापक होता, धरणं आणि वीज हा त्याचा विषय. त्याच्या निवडीत ज्यू, युक्रेनी, जर्मन अशा अल्पसंख्याक खासदारांची मतं पडली म्हणून उजव्या पक्षांनी रस्त्यावर थैमान घातलं, हा 'आपला' अध्यक्षच नाही म्हणून. 11 तारखेला शपथ झाली आणि 16 तारखेला वॉर्सॉच्या झाखेंता कलादालनात प्रदर्शन बघायला गेला असताना एका चित्रकाराने त्याला गोळ्या घातल्या. अध्यक्षपदाला आठवडाही पुरा झाला नव्हता हो.

ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला खून करणाऱ्याला हुतात्मा मानणारे लोक, दुसऱ्या बाजूला पिलसुद्स्कीचे जुने सैनिक, त्यांच्यातल्या काहींना त्याच रात्री उजव्या पुढाऱ्यांचा सूड घ्यायचा होता. देश उभा राहून चारच वर्षं झालेली. सभापती माचेय राताय घटनेप्रमाणे हंगामी अध्यक्ष झाले आणि त्यांनी त्याच दिवशी सिकोर्स्कीला बोलावून पंतप्रधान केलं, गृहखातंही त्याच्याकडेच दिलं. त्याने वॉर्सॉत आणीबाणी लावली, सभा-मोर्चे बंद केले, दोन्ही बाजूंना सांगितलं की रस्त्यावर कुणी आलं तर गाठ सरकारशी आहे. शहर शांत राहिलं. खुन्यावर रीतसर खटला चालला आणि 31 जानेवारी 1923 ला त्याला मृत्युदंड झाला. यादवी युद्ध होऊ शकलं असतं ते झालं नाही आणि जे घडत नाही त्याचे पुतळे उभारले जात नाहीत, म्हणून हा भाग कुणाला माहीत नसतो.

ते सरकार पाच-साडेपाच महिनेच टिकलं. तेवढ्यात एक मोठं काम झालं, 15 मार्च 1923 ला विजेत्या राष्ट्रांच्या राजदूत परिषदेने पोलंडची पूर्व सरहद्द मान्य केली. पुढे 1924-25 मध्ये तो लष्करी खात्याचा मंत्री होता, त्या वेळी सोव्हिएत हद्दीतून टोळ्या येऊन गावं लुटायच्या आणि पोलिसांचं तिथे काही चालायचं नाही, म्हणून 1924 मध्ये सरहद्दीसाठी वेगळं दल उभारलं गेलं. त्याच मंत्रीपदावर असताना पिलसुद्स्कीशी पुन्हा वाजलं, सैन्याच्या सर्वोच्च पदावर सरकारचा ताबा असावा की नसावा ह्यावरून. सिकोर्स्की म्हणे मंत्री संसदेला उत्तर देतो तेव्हा सैन्य मंत्र्याच्या हाताखाली हवं. पिलसुद्स्कीला ते मान्य नव्हतं.

1926 च्या मे महिन्यात पिलसुद्स्कीने सैन्याच्या जोरावर सत्ता घेतली. सिकोर्स्की तेव्हा ल्वुवला कोअर कमांडर होता, त्याने सरकारच्या मदतीला फौज पाठवली नाही आणि पिलसुद्स्कीला पाठिंबाही दिला नाही. परिणाम असा की दोघांचाही विश्वास गेला. 1928 मध्ये त्याला पदावरून काढलं आणि त्यानंतर अकरा वर्षं, म्हणजे 47 व्या वर्षापासून 58 व्या वर्षापर्यंत, हा माणूस पगारी जनरल आणि काम काही नाही! फ्रान्सला जाऊन राहायचा, वाचायचा, लिहायचा. 1934 मध्ये त्याने पुढच्या युद्धावर पुस्तक लिहिलं, त्यात रणगाडे, मोटारी आणि विमानं एकत्र वापरून झपाट्याने होणारं युद्ध कसं येणार आहे हे मांडलं होतं. पाच वर्षांनी ते त्याच्याच देशावर आलं. सप्टेंबर 1939 मध्ये त्याने जाऊन सरसेनापती रिद्झ-श्मिग्वीकडे काम मागितलं, कुठलीही तुकडी द्या म्हणाला. दिली नाही.

रंकाळा_काठ

अवंतीताई, जबरी लिहिताय. नारुतोविचचं काहीच माहीत नव्हतं.

वळिवड्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आमची आज्जी उचगावची, तिच्या तोंडून पोलंडच्या लोकांच्या लई गोष्टी ऐकल्यात. ती सांगायची, गोऱ्या बायका सायकलीवरून बाजारला यायच्या आणि मराठीत भाव करायच्या, "किती? नको, जास्त आहे" असं. पहिल्यांदा गावातल्या बायका हसायच्या पण मग सवय झाली. रविवारी कॅम्पातल्या चर्चची घंटा वाजायची. हे लोक आपल्या साहेबांसारखे नाहीत हे लोकांना लवकर कळलं म्हणे, कारण ते स्वतःची कामं स्वतः करायचे आणि त्यांच्यात पुरुष जवळजवळ नव्हतेच, बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. आज्जीला एवढंच माहीत होतं की ह्यांचे नवरे लढाईवर आहेत आणि काहींचे कुठं आहेत ते कुणालाच माहीत नाही. आत्ता तुमचा धागा वाचताना त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ लागायला लागलाय.

मिरजकर_अवंती

रंकाळा_काठ, तुमच्या आज्जींच्या त्या वाक्यावरूनच पुढचं लिहिते.

1939 च्या सप्टेंबरात जर्मनी पश्चिमेकडून आणि 17 तारखेला रशिया पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले. सरकार आणि सरसेनापती रुमानियात गेले आणि तिथे अडकवले गेले. सिकोर्स्की रुमानियातून पॅरिसला पोचला. नवे राष्ट्राध्यक्ष राच्किएविच ह्यांनी 30 सप्टेंबरला त्याला पंतप्रधान नेमलं, नोव्हेंबरात सरसेनापतीही तोच झाला. ज्याला अकरा वर्षं कामाशिवाय ठेवलं होतं त्याच्याकडे सगळं आलं, फक्त देश तेवढा नव्हता. फ्रान्समध्ये त्याने सैन्य उभं केलं, 1940 च्या जूनमध्ये फ्रान्सच पडला, मग पुन्हा लंडनला जाऊन शून्यातून सुरुवात.

इकडे रशियाने जो अर्धा पोलंड घेतला होता तिथून 1940 च्या फेब्रुवारीपासून लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तानकडे नेलं. शेतकरी, वनखात्यातली माणसं, शिक्षक, अधिकाऱ्यांच्या बायका-मुलं. रात्री दार ठोठवायचे, सामान बांधायला थोडासा वेळ द्यायचे आणि गाडीत घालायचे. पोचल्यावर जंगलात लाकूडतोड, काम केलं तर पाव.

जून 1941 मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि स्टालिनला एकदम मित्र लागायला लागले. चर्चिल आणि त्याचा परराष्ट्रमंत्री ईडन ह्यांचा सिकोर्स्कीवर दबाव, रशियाशी जमवून घ्या. महिनाभर वाटाघाटी झाल्या, रशियाचे राजदूत इव्हान मायस्की समोर. पोलंडची अट, 1939 च्या आधीची सरहद्द मान्य करा. रशिया एवढंच म्हणायला तयार की जर्मनीशी केलेले वाटणीचे करार आता रद्द, जुनी सरहद्द मान्य असं लिहून द्यायला तयार नाही. मंत्रिमंडळ फुटलं. परराष्ट्रमंत्री झालेस्की, सोस्नकोव्स्की आणि सेयदा ह्या तिघांनी राजीनामे दिले. सिकोर्स्कीने तरीही 30 जुलैला सही केली, कारण त्याला माहीत होतं की तिकडे माणसं रोज मरतायत आणि सरहद्दीचं भांडण नंतर घालता येतं.

त्या करारात दोन गोष्टी होत्या ज्यांच्यामुळे वळिवडे घडलं. रशियात असलेल्या पोलिश नागरिकांची सुटका आणि रशियाच्या भूमीवर पोलिश सैन्य उभारायची परवानगी. 4 ऑगस्टला ह्या सैन्याचे होणारे सेनापती, पोलिश जनरल आंडर्स, मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून बाहेर आले. छावण्यांमधून सुटलेली माणसं दक्षिणेकडे निघाली, उझबेकिस्तान-कझाकस्तानकडे, मिळेल त्या गाडीने, पायी, आजारी, पायात चिंध्या गुंडाळून. वाटेत टायफसने किती गेले ह्याला गणतीच नाही. 1942 मध्ये मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन खेपांत कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे 1,15,000 लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले, त्यात सदतीस हजारांच्या आसपास सैन्याबाहेरचे होते, बायका आणि पोरं. तिथून कुणी आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोला, कुणी न्यूझीलंडला, काही मुलं जामनगरजवळच्या बालाचडीला जामसाहेबांच्या आसऱ्याला आणि 1943 पासून पाचेक हजार आपल्या वळिवड्याला.

इतिहासवाचक

अवंती, लेख उत्तम आहे पण श्रेयाच्या वाटणीवर माझा आक्षेप आहे आणि तो मी स्पष्ट मांडतो. माणसं रशियातून बाहेर काढली ती आंडर्सने. सिकोर्स्कीला सैन्य रशियातच ठेवायचं होतं, त्याचा विचार असा की पोलंड मुक्त होईल तेव्हा रशियाच्या बाजूने पोलिश सैन्यही आत शिरलं पाहिजे, नाहीतर पोलंडमध्ये फक्त लाल सेना उभी राहील. आंडर्सचं म्हणणं इथे माणसं उपाशी मरतायत आणि स्टालिनवर काडीचा भरवसा नाही. मार्च 1942 मध्ये स्टालिनने शिधा 44,000 माणसांपुरताच देणार असं आंडर्सला सांगितलं तेव्हा पहिली खेप बाहेर पडली आणि आंडर्सने ब्रिटिशांची फारशी तयारी नसताना सैनिकांबरोबर बायका-मुलंही गाड्यांमध्ये घातली. वळिवड्याच्या माणसांनी आभार मानायचे तर आंडर्सचे.

दुसरं म्हणजे सिकोर्स्कीचा सूडबुद्धीचा स्वभाव. पिलसुद्स्कीच्या मंडळींनी त्याला अकरा वर्षं घरी बसवलं हे खरं, पण सत्ता आल्यावर त्याने काय केलं? त्यांच्यातल्या कितीतरी अधिकाऱ्यांना कामच दिलं नाही, स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावर रॉथसे गावी नेऊन ठेवलं. देश बुडालेला असताना अनुभवी अधिकारी असे बेटावर बसवून ठेवणं हे मोठ्या मनाचं लक्षण नव्हे. धाग्यात हे यायला हवं.

मिरजकर_अवंती

रॉथसेबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ज्याने कामाशिवाय बसण्याचं दुःख स्वतः भोगलं त्याने तेच दुसऱ्यांना द्यावं हे मला फार खटकतं, त्याचं समर्थन होऊच शकत नाही.

आंडर्सबद्दल अर्धं मान्य. बाहेर काढण्याचा धडाका त्यांचाच. पण आंडर्स स्वतः लुब्यांकात कोठडीत होते, ते बाहेर आले कशामुळे? ज्या गाड्यांमध्ये त्यांनी बायका-पोरं घातली ती बायका-पोरं जंगलातल्या छावण्या सोडून दक्षिणेला येऊ शकली कशामुळे? जुलैची ती सही नसती तर आंडर्सकडे ना सैन्य असतं ना गाड्या. शिवाय कराराने पोलिश वकिलात पुन्हा उघडली आणि तिच्या माणसांनी रशियाभर फिरून अनाथाश्रम, दवाखाने, शिधावाटप उभं केलं, ज्याच्यावर ती मुलं इराणला पोचेपर्यंत तग धरून राहिली. पहिला दरवाजा सिकोर्स्कीने उघडला, त्यातून माणसं बाहेर आणली आंडर्सने.

आणि सैन्य तिथेच ठेवायच्या त्याच्या विचाराबद्दल, 1944 मध्ये नेमकं त्याला भीती होती तेच झालं ना? पोलंडमध्ये लाल सेना आली आणि आंडर्सचं सैन्य तेव्हा इटलीत मोंते कासिनोला लढत होतं. म्हणून त्याचा विचार वेडेपणाचा नव्हता. माणसांसाठी आंडर्स बरोबर होते, राजकारणासाठी सिकोर्स्की.

निवृत्त_सुभेदार

दोघांचंही पटतं. पण त्या बेपत्ता अधिकाऱ्यांचं कुणी लिहिलं नाही अजून. रंकाळा_काठच्या आज्जी म्हणाल्या ना, काहींचे नवरे कुठे आहेत ते माहीत नाही.

इतिहासवाचक

सुभेदारसाहेब, मी लिहितो. आंडर्सचं सैन्य जमायला लागलं तेव्हा लक्षात आलं की शिपाई येतायत पण अधिकारी येत नाहीत. कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव ह्या तीन छावण्यांमध्ये हजारो अधिकारी आणि पोलीस होते, 1940 च्या वसंतापासून त्यांची घरी पत्रं यायची थांबली होती. 3 डिसेंबर 1941 ला क्रेमलिनमध्ये सिकोर्स्की, आंडर्स आणि पोलिश राजदूत कोट स्टालिनसमोर बसले. जर्मन तेव्हा मॉस्कोच्या वेशीवर होते. सिकोर्स्कीने नावांची यादीच पुढे ठेवली, हजारो नावं, आणि सांगितलं की ह्यातला एकही माणूस परत आलेला नाही. स्टालिन म्हणाला, शक्य नाही, ते पळून गेले असतील. आंडर्सने विचारलं, कुठे पळतील? तर म्हणे मांचुरियाला.

स्वतः स्टालिनच्या पॉलिट ब्युरोने 5 मार्च 1940 ला त्यांना मारायचा निर्णय केलेला होता, सुमारे 22,000 माणसं. समोर बसून यादी हातात घेऊन असं उत्तर देणारा माणूस आणि समोर बसून ते ऐकून घेऊन पुन्हा शिध्याची आणि सैन्याच्या संख्येची बोलणी करावी लागलेला माणूस. त्या बैठकीत सैन्य 96,000 पर्यंत वाढवायचं ठरलं. ह्या एका बाबतीत मला सिकोर्स्कीबद्दल पूर्ण आदर आहे.

1943 च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी रशियातल्या कातीनच्या जंगलात सापडलेली ह्या अधिकाऱ्यांची थडगी जाहीर केली. सिकोर्स्कीच्या सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशी मागितली. स्टालिनने तेवढंच निमित्त करून संबंध तोडले. सोव्हिएत सरकारने गुन्हा कबूल केला 1990 मध्ये.

रंकाळा_काठ

22,000... म्हणजे वळिवड्यात राहणाऱ्या काही बायका ज्यांच्या पत्राची वाट बघत होत्या ते तीन वर्षांपूर्वीच गेले होते. आणि एप्रिल 43 ला हे बाहेर आलं तेव्हा आपल्याकडचा कॅम्प नुकता सुरू होत होता. आज्जी असती तर तिला सांगितलं असतं.

पुणेरी_समीर

खूप शिकायला मिळतंय. आता जिब्राल्टरचंही थोडक्यात सांगा ना, वाचणाऱ्याला अर्धवट वाटेल.

मिरजकर_अवंती

थोडक्यातच सांगते. मे 1943 च्या शेवटी तो मध्यपूर्वेतल्या पोलिश सैन्याच्या पाहणीला गेला, बरोबर मुलगी झोफिया, ती त्याच्याच कार्यालयात काम करायची. परतताना 4 जुलैच्या रात्री अकराच्या सुमाराला लिबरेटर विमान जिब्राल्टरहून उडालं आणि काही सेकंदांतच समुद्रात पडलं. चेक पायलट प्रखाल एकटा वाचला. मुलीचा मृतदेह सापडलाच नाही. ब्रिटिश चौकशीने सांगितलं की विमानाचं उंची सांभाळणारं नियंत्रण अडकलं, का अडकलं ते ठरवता आलं नाही, घातपात नाही. त्याच दिवशी मायस्कीचं विमानही जिब्राल्टरला थांबून गेलं होतं, त्यामुळे संशयाला खतपाणी मिळालं. 2008 मध्ये पोलंडमध्ये मृतदेह बाहेर काढून तपासला, जखमा अपघाताच्याच निघाल्या, गोळी किंवा गळा दाबल्याची खूण नाही. 2013 मध्ये तपास बंद झाला, विमानात मुद्दाम बिघाड केला होता का हे सिद्धही झालं नाही आणि नाकारताही आलं नाही. माझ्या दृष्टीने एवढं पुरे.

मेघना_क्राकुव

मी क्राकुवला राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. हा धागा वाचून राहवलं नाही. वावेलच्या किल्ल्यावरच्या कॅथेड्रलखाली संत लिओनार्डचं तळघर आहे, तिथे सिकोर्स्कीची दगडी शवपेटी आहे. आधी इंग्लंडमध्ये न्यूअर्कला पोलिश वैमानिकांच्या शेजारी पुरलं होतं, 1993 मध्ये इथे आणलं. गंमत बघा, पिलसुद्स्कीही त्याच कॅथेड्रलखाली, दुसऱ्या तळघरात. पर्यटक पिलसुद्स्कीपाशी जास्त वेळ उभे राहतात, इथली म्हातारी माणसं सिकोर्स्कीपाशी फुलं ठेवताना मी पाहिली आहेत.

इथल्या लोकांना कोल्हापूर माहीत आहे हे मात्र आवर्जून सांगते. वॉर्सॉत वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदी तिथे फुलं वाहायला गेले होते तेव्हा इथल्या बातम्यांमध्ये ते दाखवलं. मी सांगलीची म्हटल्यावर शेजारच्या आजोबांनी लगेच विचारलं, कोल्हापूर किती लांब?

रंकाळा_काठ

मेघनाताई, भारीच. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्येही पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे, ज्यांनी बघितला नसेल त्यांनी जाऊन बघा. आणि वळिवड्याची कॅम्पाची जागा म्हणजे आजचं गांधीनगर, पोलिश लोक गेल्यावर तिथे फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव वसले. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो त्याच गल्ल्या.

पुणेरी_समीर

शेवटचा प्रश्न. त्या तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले, त्यांचं पुढे काय झालं? आणि सरहद्दीच्या बाबतीत शेवटी कोण खरं ठरलं?

मिरजकर_अवंती

सरहद्दीच्या बाबतीत ते तिघे खरे ठरले. तेहरान आणि याल्टाच्या परिषदांत चर्चिल-रूझवेल्टने स्टालिनला जे हवं ते दिलं, पूर्वेचा सगळा मुलूख गेला, ज्या ल्वुवमध्ये सिकोर्स्की शिकला तेही गेलं. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली आणि वळिवड्यातल्या लोकांना परत जायला देशच उरला नाही. त्यांची घरं होती ती गावं आता सोव्हिएत संघात होती. काही नव्या पोलंडला गेले, बरेचसे इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला.

सोस्नकोव्स्की सिकोर्स्कीच्या मृत्यूनंतर सरसेनापती झाला, वॉर्सॉच्या जर्मनांविरुद्धच्या उठावाला मित्रराष्ट्रांनी मदत केली नाही म्हणून उघड बोलला आणि सप्टेंबर 1944 मध्ये त्याला पदावरून जावं लागलं, पुढे कॅनडात वारला. झालेस्की 1947 पासून 1972 मध्ये मरेपर्यंत लंडनमध्ये निर्वासित सरकारचा राष्ट्राध्यक्ष होता. सेयदाबद्दल इतिहासवाचक ह्यांनी लिहावं, त्यांचा ह्या विषयाचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे.